खालचं बटण

मी आयुष्यभर नक्की काय काम केलं हे आमच्या घरात फक्त नातीला सांगता येतं, आणि तीही ते चुकीचं सांगते. शाळेत तिनं सांगून टाकलं, "माझी आजी लोकांच्या वेबसाइट फोडायची." वर्गशिक्षिकेनं मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. आता या बाईंना काय सांगायचं? फोडायचे मी, खोटं कशाला बोला. पण मालकाला सांगून फोडायचे, आणि चोर यायच्या आधी.

जरा सोपं करून सांगते. वेबसाइट कुणी सगळीच्या सगळी स्वतः लिहीत नाही. घर बांधताना भिंती आपल्या, पण नळ, कड्या आणि बेल बाजारातूनच आणतो ना, तसंच. या बाहेरून आणून जोडलेल्या तुकड्यांना आता प्लगइन म्हणतात. आमच्या वेळी नुसतं स्क्रिप्ट म्हणायचे. अमेरिकेतला एखादा कॉलेजचा पोरगा सुट्टीत एक स्क्रिप्ट लिहायचा आणि फुकट सोडून द्यायचा. ती फिरत फिरत सांगलीत यायची आणि आमच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या साइटला जोडली जायची. ती कुणी लिहिली, नीट लिहिली का, तिची कडी आतून लागते का बाहेरून, हे बघायचं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. ते बघणं हे माझं काम.

बघायचं म्हणजे त्या तुकड्याला छळायचं. नाव विचारलं की आकडा घालायचा, आकडा विचारला की शिवी घालायची, एकदा दाबा म्हटलं की वीसदा दाबायचं. लिहिणारा शहाण्या माणसासाठी लिहितो. मी वेड्याच्या, लबाडाच्या आणि घाईत असलेल्या माणसाच्या डोक्यानं बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "स्वभाव हिचा पहिल्यापासून असाच. आता त्याचे पैसे मिळतात, एवढंच."

सुरुवात झाली नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, सांगलीत, सासऱ्यांच्या हळदीच्या दुकानामागच्या खोलीत. पुढं हळदीची पोती, मागं माझा कॉम्प्युटर क्लास. हळदीची धूळ सगळीकडं जायची. पांढरे माऊस महिन्याभरात नवरीसारखे पिवळे व्हायचे. इंटरनेट फोनवरूनच चालायचं, त्यामुळं इकडं मोडेम किंचाळायला लागलं की तिकडं दुकानातला फोन बंद. मग सासरे पोत्यांवरून ओरडायचे, "सूनबाई, जगाशी बोलून झालं का? मला आष्ट्याला बोलायचंय!" दिवस मावळायच्या आत जेवायची आमच्या घरची रीत, त्यामुळं क्लासही उजेडातच उरकायचा. उशिरापर्यंत काम करून मोठं होणाऱ्यांच्या गोष्टी मी खूप वाचल्यात. माझी गोष्ट तशी नाही.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. एका बेदाणावाल्याच्या साइटवर मी पाहुण्यांच्या अभिप्रायाची स्क्रिप्ट लावली होती. पाहुणा जे लिहील ते जसंच्या तसं पानावर उमटायचं, आणि हेच तिचं दुखणं होतं. शब्दांऐवजी कुणी आज्ञा लिहिली तर पान ती आज्ञाही मुकाट पाळायचं. कुणा टवाळखोरानं तशी एक आज्ञा लिहिली आणि त्याच्या खालचा सगळा मजकूर लाल होऊन उजवीकडून डावीकडं पळायला लागला. मी घाबरून ते काढायला बसले, तेवढ्यात मालक हसत आत. "ताई, आपलं पान पळायला लागलं की! शेजारच्याचं अजून जाग्यावरच हाय. जास्तीचं किती लावलंसा?" हे काम आपलं नाही, कुणीतरी परक्यानं आत हात घातलाय, हे समजावताना माझा घसा बसला. मी ते दुरुस्त केल्यावर स्वारी पुढं कितीतरी दिवस रुसून होती.

दुसरे फलटणचे. त्यांचं पाचगणीत हॉटेल होतं. साइटवर चौकशीचा फॉर्म होता आणि पत्र कुणाला पाठवायचं तो पत्ता त्या पानातच लिहिलेला. पत्ता बदलला की तोच फॉर्म जगात कुणालाही पत्रं पाठवू शकायचा. कुणीतरी ते ओळखलं आणि यांच्या हॉटेलच्या नावानं जगभर टकलावर केस उगवायच्या औषधाच्या जाहिराती गेल्या. यांचा मला फोन, "मॅडम, मला जर्मनीतनं शिव्या यायला लागल्यात."

"शिव्याच कशावरून? तुम्हाला जर्मन येतं?"

"भाषा येत न्हाई, पण सूर कळतो की!"

अशी धमाल चालायची. पण मी आज लिहायला बसले ती कुस्तीसाठी.

पलूसच्या बाजूचं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण अजून तिथं हक्कानं जेवायला जाते. त्या गावच्या यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान आजूबाजूला नावाजलेलं. यात्रा कमिटीचे अध्यक्ष म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मिशा अशा की आधी त्या आत यायच्या आणि मागून ते. एका बाजारच्या दिवशी ते क्लासात येऊन ताठ उभे राहिले.

"मॅडम, आमच्या मैदानाची वेबसाइट पायजे. आमची पोरं फौजेत पार काश्मीरपातूर हायेत. दोगं अमेरिकेत हायेत. त्येन्नी तितनं मैदान बगितलं पायजे."

मी हो म्हटलं. आता गंमत बघा, कुस्तीचं मैदान मी जन्मात बघितलं नव्हतं. बाया तिकडं जायच्याच नाहीत. तालमीत तर पायही ठेवायचा नाही. मग सुभेदारांनीच मला समोर बसवून शिकवलं. सगळ्यात मोठी, शेवटची कुस्ती ती एक नंबरची. कोण कुणाशी लढणार ती जोड. जोड एकदा पत्रकावर छापली की ती मोडायची नाही, मोडली तर गावाची शोभा. लढतीच्या आधी पंच पैलवानाची नखं बघतात, अंगाला चोरून तेल लावलंय का ते हात फिरवून बघतात.

"म्हणजे माझंच काम की!" मी म्हटलं.

"तुमीबी नखं बगताय?"

"वेबसाइटची."

ते इतके मोठ्यानं हसले की सासरे पुढून बघायला आले.

साइट झाली. तेव्हा मराठी अक्षरं नीट दिसायची नाहीत, म्हणून मजकुराची चित्रं करून टाकली. मग अमेरिकेतल्या दोघांनी फोनवरून पिल्लू सोडलं, की यंदा एक नंबरची जोड साइटवर मतं घेऊन ठरवा, म्हणजे आम्हालाही भाग घेता येईल. सुभेदारांना ते एकदम पसंत पडलं.

दोन जोडी होत्या. दोन्हीत एक पैलवान गावचाच, संभा. वय विशीचं, सांगलीतल्या तालमीत तयार होत असलेला, सगळ्यांचा लाडका. वरचं बटण दाबलं तर त्याची जोड उत्तरेकडच्या एका नामांकित पैलवानाशी. तो वजनानं संभाच्या दीडपट आणि त्याच्यामागं कितीतरी वर्षांचा अनुभव. खालचं बटण दाबलं तर साताऱ्याकडच्या एका तोलामोलाच्या पोराशी. गावातल्या बाप्यांचा जीव वरच्या बटणात अडकला होता. एवढा मोठा मल्ल आपल्या मातीत आपल्या पोराशी लढणार म्हटल्यावर लोक दहा गावांवरून येतील असं सगळे म्हणायचे. संभाही छाती काढून म्हणायचा, मी तयार हाय.

मी एक फुकटची मतदानाची स्क्रिप्ट आणली आणि रिवाजाप्रमाणं छळली. वीसदा दाबलं, तिनं वीस मतं घेतली. पाहिजे तितकी घ्या म्हणत होती बया. मी सुभेदारांना दाखवलं. "हिला रोखायला पाहिजे. एका मशीनवरून एकच मत, असं काहीतरी मी लिहिते."

"नगं," ते म्हणाले.

"अहो, पण कुणीही कितीही मतं टाकेल!"

"न्हाई टाकनार. बिरोबाच्या देवळात सगळ्यांनी भंडारा उचललाय. एकानं एकदाच दाबायचं."

शपथेला आमच्याकडं हे शेवटचं टोक. देवापुढची हळद हातात घेऊन बोललं की विषय संपला. मी म्हटलं, "सुभेदार, स्क्रिप्टला भंडारा कळत नाही."

"मानसाला कळतो न्हवं? आन मॅडम, आता जर तुमी कुलूप लावलंसा तर लोक काय म्हंतील? कमिटीचा भंडाऱ्यावर इश्वास न्हाई म्हंतील. देवाचा अपमान हुईल त्यो."

मी भांडले. चांगली तावातावानं भांडले. पण देवाच्या अब्रूपुढं माझ्या स्क्रिप्टचं काय चालणार? कुलूप न लावता साइट सुरू झाली. आणि खरं सांगते, गाव दिल्या शब्दाला जागलं. बाजाराला सांगलीत येणारा बाप्या माझ्या क्लासात यायचा, चपला बाहेर काढायचा, माऊसला हात लावायच्या आधी कपाळाला बोट लावायचा आणि एकदाच दाबायचा. एकाचं बोट चुकून दोनदा पडलं, तर तो गावी जाऊन देवळात नारळ फोडून आला. वरचं बटण जोरात पुढं चाललं होतं.

आता हौसाबाई. आमच्या घरी भाजी घालायची ती. गवार, मेथी, मोसमात हरभऱ्याचा पाला. सकाळी पाटी घेऊन सांगलीत यायची आणि विकून झालं की दुपारी आमच्या पायरीवर बसून भाकरी खायची. ती संभाची आई. साइटवर पोराचा फोटो आहे म्हटल्यावर मी तिला हौसेनं आत बोलावलं. तेव्हा चित्र एकदम यायचं नाही. वरून खाली हळूहळू उतरायचं. आधी संभाचे केस आले, मग कपाळ, मग तालमीत चुरगळलेले कान. ती पदर तोंडाशी धरून बघत होती. मान दिसली आणि तिनं श्वास सोडला. मला वाटलं, आईचं प्रेम!

"ही दोन बटनं कशाची, ताई?"

मी सांगितलं. वरचं कुणाचं, खालचं कुणाचं, कसं दाबायचं, आकडा कसा वाढतो, परत मागं कसं यायचं. माझी शिकवायची खोड. दिसेल त्याला शिकवायचं.

"रोज यिऊन बगितलं तर चालंल का? पोराला?"

"अहो, न चालायला काय झालं?"

मग ती रोज यायला लागली. मी फोन लावून पान उघडून द्यायचे, चहा ठेवायला आत जायचे आणि तासभर तिकडंच अडकायचे. सासरे कुरकुरायचे, मी त्यांना गप्प करायचे. आई आपल्या लेकराकडं बघतेय, तुम्हाला आष्ट्याचं काय पडलंय, असं एकदा तोंडावर बोलले मी त्यांना.

यात्रा जवळ आली तशी एक दिवस सुभेदार तरातरा आले. या खेपेला मिशांआधी आवाज आत आला.

"मॅडम, हे काय चाललंय? खालचं बटन वरच्याला मागं टाकून कुटल्या कुटं ग्येलं! आमच्या गावात तेवढी मानसं न्हाईत. जित्ती न्हाईत, म्येल्याली धरून न्हाईत!"

बघितलं तर खरंच. खालच्या जोडीचा आकडा असा फुगलेला की बघवेना.

"ही त्या साताऱ्याच्या पोराच्या तालमीची बदमाशी. एक नंबरची कुस्ती आपल्या पोराला मिळावी म्हनून. पोरं भरून ट्रॅक्टर घिऊन जातू, जाब इचारतू. आन खालची सगळी मतं रद्द. पत्रक छापाय टाकायचंय, वरची जोड छापनार. धिस इज ऑर्डर."

"थांबा हो! आधी बघू तरी द्या मला. पुरावा नसताना लोकांच्या दारात ट्रॅक्टर घेऊन जाता?"

"उद्या सांच्यापातूर बगा. मग मी ऐकनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी बसून विचार करत होते. कुणी केलं असेल? इतका चिवटपणा कुणाकडं आहे? तेव्हा एक मत जायला भाकरी भाजायला लागतो तेवढा वेळ लागायचा. हे पोरासोरांचं काम नव्हे. तेवढ्यात हौसाबाई आली. मी नेहमीसारखं पान उघडून दिलं आणि आत गेले. दूध नासलं होतं. चहाचा बेत रद्द, म्हणून अनवाणी तशीच परत फिरले आणि दारातूनच पाहिलं, हौसाबाईचा हात माऊसवर.

टक. थांबली. मागं आली. टक. थांबली. मागं आली. टक.

पाटीतली मेथी निवडावी तशी एका लयीत. चेहरा शांत. फोटो कडेला पडला होता, त्याच्याकडं बघतही नव्हती.

"हौसाबाई!"

ती दचकली नाही हो. माऊस सोडला आणि पिवळं झालेलं बोट पदराला पुसलं.

मला असा राग आला! माझ्या क्लासात, माझ्या फोनवर, मी शिकवलेलं माझ्यावरच उलटवलं. आई लेकराला बघतेय म्हणून मी म्हाताऱ्याशी भांडत होते, आणि ही बया! "तुम्ही देवाचं भय सोडलंत काय? अख्ख्या गावानं भंडारा उचललाय एकदाच दाबायचं म्हणून."

"मी न्हाई उचलला," हौसाबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"बाप्यांनी उचलला. आमास्नी कुनी बोलवलंच न्हाई. कुस्तीत बायकांचं काय काम म्हनलं. मग म्या कशाला थांबू?"

मी स्टुलावर बसले. तिचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. गावानं तपासणी केली होती, कडक केली होती, देवाला साक्षीला ठेवून केली होती, आणि निम्मं गाव त्या तपासणीच्या बाहेर ठेवलं होतं. स्क्रिप्ट कुणाला विचारत नव्हती तू बाई की बुवा. मी इतक्या तुकड्यांची भोकं शोधली, पण असलं भोक माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग ती बोलत राहिली आणि माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. तिचा नवराही पैलवान. असाच तरणा असताना, असंच लोकांनी ओरडून ओरडून त्याला आपल्याहून थोराशी लढायला लावलं. मान पिळली गेली. मैदानातून त्याला चौघांनी बाजल्यावर घालून घरी आणलं. तेव्हापासून तो अंथरुणावर.

"ताई, लोकांनी लय टाळ्या वाजीवल्या तवा. माज्या दारापातूर ऐकू येत हुत्या. मी म्हनलं, आमचं जिकलं वाटतं. पानी तापवाय ठिवलं, अंगोळीला. आन बाजलं आलं." तिनं नाक पुसलं. "तुमी सांगा कुनाला सांगायचं त्ये. मी काय तुमच्या पाया पडनार न्हाई. पर यात्रा हुईपातूर दाबू द्या."

दाबू कशी देणार? साताऱ्याच्या तालमीवर ट्रॅक्टर जायचा होता. आणि हिचं नाव सांगितलं तर मतं रद्द, वरची जोड छापली जाणार आणि संभा त्या मल्लाच्या हाताखाली जाणार. इकडं आड तिकडं विहीर, अशी माझी गत. सासूबाईंनी विचारलं, काय गं, तोंड का उतरलंय. मी म्हटलं, काम आहे. पहिल्यांदाच ते खरं वाटलं.

संध्याकाळी सुभेदार आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि बसताबसताच सांगितलं, "साताऱ्याच्या पोरांनी काही केलेलं नाही. हे मी तुम्हाला लिहून देते."

"मग कुनी?"

"ते मी सांगणार नाही. कसं झालं ते सांगते. दरवाजा उघडा होता, तो मी तुम्हाला आधीच दाखवला होता. आत कोण आलं यापेक्षा दरवाजा कुठला ते बघा."

"रिपोर्ट आर्दा चालत न्हाई, मॅडम. नाव पायजे."

"तुमची तपासणी अर्धी चालते का मग? भंडारा कुणाकुणाला उचलायला लावलात?"

"समद्या गावाला."

"बायकांना?"

त्यांच्या मिशा एकदा खाली, एकदा वर. "बायकांचं काय त्यात? कुस्ती हाय."

"कुस्ती नाही, मत आहे. निवडणुकीला त्यांच्या दारात जाता की नाही हात जोडून? आता सगळीच मतं रद्द करा. वरचीही आणि खालचीही. देवळात नव्यानं मत घ्या, सगळ्यांसमोर, भंडारा उचलून. पण सगळ्या गावानं. चुलीपुढच्यांनीसुद्धा. आणि वेबसाइटला मी कुलूप लावते. आता देवाचा अपमान होत नाही, आता देवालाच बरं वाटेल."

ते म्हणाले, "आमची मंडळी मागंच म्हनाली हुती. आमाला कवा इचारनार म्हनून. मी म्हनलं, सैपाक बग." आणि मान हलवत उठले.

ते मतदान बघायला मी मुद्दाम गेले. बिरोबाच्या देवळापुढं बाप्ये एकीकडं बसले होते आणि बायका दुसरीकडं. इतक्या बायका मी लग्नातही बघितल्या नव्हत्या. देवापुढं परातीत भंडारा. एकेकानं यायचं, चिमूट उचलायची आणि वरची की खालची ते मोठ्यानं सांगायचं. बाप्ये आधी झाले. वरची, वरची, अधूनमधून एखादी खालची. मग बायकांची पाळी आली. कुणी उठेना. पदर ओढून एकमेकींना कोपरं मारत बसल्या. मी मनात म्हटलं, फसलं हे.

हौसाबाई उठली.

संभा पुढंच बसला होता. तो ताडकन उभा राहिला. "आये, तू ह्यात पडू नगंस. मी घाबरत न्हाई त्याला."

"मला ठावं हाय तू घाबरत न्हाईस," ती म्हणाली. "तुजा बापबी घाबरत नव्हता. त्याला घास भरवाय ह्यो माजा एक हात लागतुया. तुला भरवाय दुसरा न्हाई माज्याकडं. दुसऱ्या हातानं मी पोट भरतीया तुमचं."

संभा खाली बसला. तिनं चिमूटभर भंडारा उचलला. "खालची," म्हणाली. आणि म्हणताना तिचं पिवळं बोट आपोआप परातीच्या काठावर टक करून वाजलं. सुभेदारांनी त्या बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी देवळाच्या छताकडं बघायला लागले. छान होतं छत.

तिच्यामागं सुभेदारांची मंडळी उठली, आणि मग रांगच लागली. खालची. खालची. खालची. मोजायचीही गरज उरली नाही. सुभेदारांनी खालची जोड पत्रकावर छापली. माझ्याशी त्या विषयावर ते पुढं कधीही एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्या वर्षीपासून यात्रेचा नैवेद्य आमच्याकडं नेमानं यायला लागला, अजून येतो.

या धंद्यात मी नंतर वर्षानुवर्षं काढली. पुण्याच्या कंपन्यांसाठी घरबसल्या तुकडे तपासले. हुशार, शिकलेली पोरं मला त्यांच्या तपासण्या दाखवायची, हे रोखलंय, ते रोखलंय. मी एकच विचारायचे. यात कुणाला धरलंच नाहीत तुम्ही? पोरं वैतागायची. वैतागू देत. मला ते हौसाबाईनं शिकवलं आणि तिला त्याची कुणी फी दिली नाही, ही बोच मात्र आहे.

त्या वर्षी यात्रेच्या दिवशी हौसाबाई पाटी घेऊन सांगलीत आली. मी म्हटलं, आज कशाला आलात? म्हणाली, "घरात बसलं की मैदानातली हलगी ऐकू येती. टाळ्याबी ऐकू येत्यात." मी तिला आत बसवलं. चहा दिला, तिनं तो गार करून ठेवला. त्या दिवशी सासऱ्यांनी आपणहून सांगितलं, "मला आज कुणाशी बोलायचं नाही, फोन मोकळा ठेवा." पुढं पोत्यांवर तेही कान लावूनच बसले होते.

दुपार टळताना फोन वाजला. गावातल्या बूथवरून सुभेदार. मागं माणसांचा गलका. "मॅडम, काय कुस्ती झाली! संभा हारला, पर काय लडला, काय लडला! पयला त्येनंच पट काडला, मग त्या गड्यानं..."

हौसाबाईनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. कधी फोन धरलेला नसावा, उलटा धरला. मी सरळ केला.

"सुभेदारसाब," ती ओरडली, "आपल्या पायानं भाईर आला न्हवं त्यो?"

पलीकडं गलका तसाच होता, त्यातून सुभेदारांचा आवाज आला, मलाही ऐकू आला इतका स्वच्छ. "व्हय, हौसाबाई. आपल्या पायानं आला. माज्या म्होरं हुबा हाय. भेळ खातुया."

तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून रडली, अगदी पोटभर. मीही रडले, लपवत नाही. पुढून सासरे खोकल्याचं सोंग करत होते.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "ताई, एकदा दावा की."

मी फोन लावला. संभा वरून खाली उतरायला लागला, केस, कपाळ, कान, मान. या खेपेला ती शेवटपर्यंत बघत बसली. मग हात पुढं करून तिनं सवयीनं खालचं बटण दाबलं. कुलूप तपासताना मी याच मशीनवरून एक मत टाकून बघितलं होतं, त्यामुळं पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली, तुम्ही आधीच मत दिलेलं आहे.

"काय म्हंतंय त्ये?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "म्हणतंय, तुमचं मत पोचलं."

"मग बरं," ती म्हणाली आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन गाडी गाठायला निघाली.